डिप्रेशनमधल्या किशोरांसाठी ऑनलाइन माइंडफुलनेस: कोर्स घेण्याआधी काय तपासायचं

'संशोधनाने सिद्ध' ही पाटी आता जवळपास प्रत्येक मेडिटेशन ॲपवर लावलेली असते. मुलगा किंवा मुलगी डिप्रेशनमध्ये आहे, डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळतेय, तोवर निदान काहीतरी सुरू करू म्हणून आईबाप मोबाइल घेऊन शोधायला बसतात, तेव्हा या पाटीचा मोठा आधार वाटतो. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न धसाला लावा: सिद्ध झालं, पण कुणावर?

माइंडफुलनेस म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे, चांगलं-वाईट न ठरवता, लक्ष देण्याचा सराव. त्याची मूळ बांधणी मुलांसाठी नव्हतीच. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये सुरू केलेला आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम, म्हणजे एमबीएसआर, जुनाट दुखणी आणि ताण घेऊन येणाऱ्या मोठ्या माणसांसाठी होता. आठवड्याला अडीच तासांचं सत्र, मध्ये एक पूर्ण दिवस आणि घरी रोज पाऊण तास सराव. डिप्रेशनसाठीचं रूप, एमबीसीटी, सेगल, विल्यम्स आणि टीझडेल यांनी बसवलं. त्याच्या पहिल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००० साली आले. त्या चाचणीतली माणसं प्रौढ होती, त्यांना आधी डिप्रेशन होऊन गेलेलं होतं, पण त्या वेळी ती बरी होती. आजार पुन्हा उलटू नये हा हेतू होता, आणि फायदा दिसला तो तीन किंवा जास्त वेळा आजार होऊन गेलेल्यांमध्ये. आयुष्यात पहिल्यांदाच डिप्रेशनमध्ये अडकलेली, आज सकाळी अंथरुणातून उठायलाही नकार देणारी पंधरा वर्षांची मुलगी यात कुठेच बसत नाही. 'एमबीसीटीवर आधारित' असं जाहिरातीत वाचलं की एवढं ध्यानात असू द्यावं.

मुलांवरचं संशोधन आहे, आणि ते पाटी सांगते तितकं गोड नाही. ब्रिटनमध्ये 'मिरियड' नावाची प्रचंड चाचणी झाली: ८५ शाळा, ११ ते १३ वर्षांची ८,३७६ मुलं. निम्म्या शाळांत प्रशिक्षित शिक्षकांनी माइंडफुलनेसचे दहा पाठ घेतले, बाकी शाळांत नेहमीचा सामाजिक-भावनिक अभ्यास चालू राहिला. २०२२ मध्ये निष्कर्ष छापून आले. वर्षभरानंतर डिप्रेशनच्या जोखमीत दोन्ही बाजूंना फरक नव्हता. ज्या मुलांना आधीपासूनच मानसिक त्रासाची जोखीम जास्त होती, त्यांची अवस्था काही मोजमापांवर किंचित वाईटच निघाली. एक कारण उघड होतं. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. वर्गातल्या सगळ्यांना सरसकट शिकवणं आणि ज्याला गरज आहे त्याला नीट बघून शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्यच. पण 'नुकसान तर काही होणार नाही ना, मग करून बघू' हे वाक्य त्या चाचणीनंतर इतक्या सहजपणे म्हणता येत नाही.

दुसऱ्या पारड्यातही काही आहे. २०१९ मध्ये मुलं आणि किशोर यांच्यावरच्या ३३ यादृच्छिक चाचण्या (चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या) एकत्र करून हिशेब मांडला गेला. एकूण ३,६६६ मुलं. तुलनेच्या गटालाही काहीतरी खरा उपक्रम दिलेला होता अशाच चाचण्या वेगळ्या काढल्या, तरीही डिप्रेशन आणि चिंता यांवर थोडा फायदा उरला. थोडा म्हणजे खरोखर थोडा. माझं मत विचाराल तर किशोरांच्या डिप्रेशनमध्ये माइंडफुलनेस हे उपचाराच्या जोडीला चालणारं साधन आहे, उपचाराच्या जागी बसणारं नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची किशोरांच्या डिप्रेशनबाबतची मार्गदर्शिका (२०१९) १२ ते १८ वयोगटातल्या सौम्य डिप्रेशनसाठी ऑनलाइन सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा, बोलण्यातून होणारा उपचार), गटातली सीबीटी असे पर्याय पुढे करते. मध्यम ते तीव्र असेल तर एकेकट्याबरोबर किमान तीन महिन्यांची सीबीटी. माइंडफुलनेस त्या पहिल्या पसंतीत नाही. ऑनलाइनच काही करायचं असेल, तर आधी सीबीटीचा कोर्स शोधावा आणि माइंडफुलनेस त्यात मिसळलेलं असेल तर उत्तम.

आता प्रत्यक्ष शोधायचं कसं. ॲपच्या स्वतःच्या 'आमचं विज्ञान' पानावरून सुरुवात करू नका. पबमेड ही वैद्यकीय संशोधनाचे पेपर शोधायची साइट उघडा, फुकट आहे. ॲपचं किंवा कोर्सचं नाव टाका. नावाने काही निघालं नाही तर 'माइंडफुलनेस', 'डिप्रेशन', 'ऑनलाइन' हे तीन शब्द इंग्रजीत टाका. मग डावीकडच्या गाळण्यांत लेखाचा प्रकार 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल' निवडा आणि जादा गाळण्यांतून वय '१३ ते १८' निवडा. इथे एक फसगत होते: चाचणीत १८ वर्षांचे थोडेच जण असले तरी तो पेपर या चाळणीतून खाली उतरतो. म्हणून सारांशातलं वयाचं वाक्य स्वतः वाचायचं.

उदाहरणादाखल टोरांटोची एक चाचणी बघू. २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. शीर्षकात ऑनलाइन, माइंडफुलनेस, सीबीटी, 'युवा' आणि डिप्रेशनचं निदान, सगळं आहे. अगदी हवं तेच सापडलं असं वाटतं. आत गेलं की कळतं, 'युवा' म्हणजे १८ ते ३० वर्षांचे. एकूण ४५ जण. कार्यक्रम २४ आठवड्यांचा, आणि सोबत फोनवरून बोलणारा प्रशिक्षित माणूस. दोन्ही गटांचे नेहमीचे मनोविकार-उपचार चालूच होते. तुलनेतला गट फक्त कार्यक्रमासाठी प्रतीक्षायादीत होता. ऑनलाइन कार्यक्रम घेतलेल्यांचा त्रास बराच कमी झाला, हे खरं. पण कुणी या पेपरचा हवाला देऊन चौदा वर्षांच्या मुलासाठी महिन्याच्या वर्गणीचं, कुणी माणूस न बोलणारं ॲप विकत असेल तर त्याने वय, मुदत, माणूस आणि सोबतचा उपचार या चारही गोष्टी गाळलेल्या असतात.

प्रतीक्षायादीशी तुलना केली की जवळपास काहीही चांगलंच दिसतं. डिप्रेशन काही जणांत काळाबरोबर आपणहून ओसरतं आणि 'आपल्यासाठी काहीतरी चाललंय' या जाणिवेनेही बरं वाटतं. म्हणून तुलनेच्या गटाला काय दिलं होतं, ते वाक्य शोधून काढायचंच. दुसरं बघायचं ते गळती. शंभर जण आले, चाळीस टिकले, आणि फायदा त्या चाळिसांचाच मोजला, तर तो आकडा टिकाऊ मुलांचा आहे. सुरुवातीच्या सगळ्यांना धरून हिशेब केला असेल तर पेपरात 'इंटेन्शन टू ट्रीट' हे शब्द दिसतात. तिसरं, मोजमाप कधी केलं? कोर्स संपल्याच्या दिवशी सगळेच खूश असतात, सहा महिन्यांनी काय ते महत्त्वाचं. आणि शक्य असेल तर चाचणीचा नोंदणी क्रमांक घेऊन क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्ह किंवा भारतातल्या सीटीआरआय या नोंदवहीत डोकवा. तिथे आधी 'डिप्रेशन मोजू' असं लिहिलेलं असतं आणि पेपरात ठळकपणे 'एकाग्रता वाढली' असं छापलेलं असतं, तर मधे काय झालं असेल याचा अंदाज बांधता येतो.

हे सगळं करायला एक संध्याकाळ पुरते. त्यातून सहसा असं निघतं की कोर्सचं नाव वेगळं आणि ज्याची चाचणी झाली ते वेगळं.

पुढची पायरी संशोधनाहून महत्त्वाची: पलीकडे माणूस कोण आहे? ई-मेल करून सरळ विचारा. रात्री अकरा वाजता मुलाने ॲपवर 'जगावंसं वाटत नाही' असं लिहिलं तर ते कोण वाचतं आणि किती वेळात? ठरलेलं उत्तर येईल, 'आमचं ॲप आपत्कालीन सेवा नाही'. कायदेशीरदृष्ट्या ठीक आहे, पण मग मुलाला तिथे मोकळ्या जागेत लिहायला का लावता, हा पुढचा प्रश्न विचारायचा. चांगल्या कार्यक्रमात प्रवेशाआधी तपासणी असते, पालकांचा आणि शहरातल्या दुसऱ्या एका मोठ्या माणसाचा नंबर घेतलेला असतो, आणि प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला मूल आज कुठे बसलंय ते विचारलं जातं. मुलगा मामाकडे नाशिकला असेल आणि फॉर्मवर पुण्याचा पत्ता असेल, तर आणीबाणीत मदत भलत्याच दारात जाईल.

तपासणीसाठी बहुतेक ठिकाणी पीएचक्यू-९ ही डिप्रेशन मोजणारी प्रश्नावली किंवा तिचं किशोरांसाठीचं रूप वापरतात. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण ० ते २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम ते तीव्र, वीस आणि पुढे तीव्र. मराठी आवृत्ती फुकट मिळते. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. एकूण गुण सातच असले आणि नवव्याला शून्य सोडून काहीही असलं, तरी त्याच दिवशी मुलाशी माणसाने बोललं पाहिजे. कार्यक्रम नुसती बेरीज करून 'सौम्य' असा हिरवा रंग दाखवत असेल तर तिथून बाहेर पडा. भारतात टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतूनही बोलता येतं. इजा झालेली असेल किंवा होण्याच्या बेतात असेल तर ११२, किंवा थेट जवळच्या हॉस्पिटलचा कॅज्युअल्टी विभाग.

शिकवणाऱ्याचं शिक्षण विचारायला लाजू नका. 'माइंडफुलनेस कोच' ही पदवी कुणीही लावू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्याचा दावा असेल तर आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक मागा, तो त्यांच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचा क्रमांक वैद्यकीय परिषदेचा असतो. शिकवणारा स्वतः यातला नसेल तरी चालेल, पण मग त्याच्यावर देखरेख करणारा असा माणूस हवा आणि तो नावानिशी सांगता आला पाहिजे.

आता सत्रात काय बिघडतं ते. सगळ्यात जास्त बिघडतं ते डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवताना. डिप्रेशनमधल्या मुलाच्या डोक्यात आधीच तेच ते दळण चालू असतं. डोळे मिटले की ते थांबवणारं बाहेरचं काही उरत नाही. लक्ष भरकटतं, आणि 'मला साधा श्वासही बघता येत नाही' ही त्यात भर पडते. उपाय साधे आहेत. डोळे उघडे, नजर समोर हातभर अंतरावर जमिनीवर. लक्ष श्वासाऐवजी बाहेरच्या गोष्टीवर: पंख्याचा आवाज, फरशीला टेकलेले तळपाय, हातातल्या स्टीलच्या पेल्याचा गारवा. वेळ तीन ते पाच मिनिटं. दमा असलेल्या किंवा पॅनिकचे झटके येणाऱ्या मुलांना श्वासाकडे बघायला सांगितलं की छातीत धडधड वाढू शकते, त्यांना आवाजावरच ठेवावं.

आडवं पडून डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवण्याचा सराव, बॉडी स्कॅन, हा बहुतेक कोर्समध्ये पहिल्याच आठवड्यात येतो. निम्मी मुलं झोपतात, ते एक वेळ परवडलं. पण ज्या मुलीला स्वतःच्या शरीराचा तिटकारा आहे किंवा जिच्यावर कधी अत्याचार झालाय, तिला 'आता पोटाकडे लक्ष न्या' ही सूचना हादरवून टाकू शकते. फक्त हात आणि पाय घ्यावेत, बसून करावं, आणि 'नको वाटलं तर थांब' हे सुरुवातीलाच, स्पष्ट शब्दांत सांगितलेलं असावं. नमुन्याचा ऑडिओ आधी स्वतः ऐकून बघा. त्यात हे वाक्य नसेल आणि मधे दोन-दोन मिनिटांची शांतता असेल, तर तो मोठ्यांचा ऑडिओ आहे, फक्त चित्र मुलांचं लावलंय. किशोरांसाठी वीस-तीस सेकंदांहून लांब शांतता सुरुवातीला नको.

थेट चालणाऱ्या गटात आठ-दहा मुलं आणि दोन मोठी माणसं असावीत. एक शिकवतो, दुसरा पडदा आणि चॅट बघतो. मुलामुलांमधला खासगी चॅट बंद ठेवलेला हवा. कॅमेऱ्यावरून फार वाद होतात. वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या मुलीच्या मागे स्वयंपाक चाललेला असतो, भाऊ अभ्यास करत असतो. कॅमेरा सक्तीने चालू ठेवा म्हटलं की ती दुसऱ्या आठवड्यापासून येत नाही. पहिली दोन-तीन मिनिटं चेहरा दाखवून ख्यालीखुशाली, मग वाटल्यास कॅमेरा बंद आणि शेवटी पुन्हा एक मिनिट चालू, ही तडजोड चालते. हेडफोन मात्र लागतोच.

आणि स्ट्रीक! सलग इतके दिवस केलं म्हणून ज्योत पेटणार, एक दिवस चुकला की विझणार. धडधाकट माणसाला गंमत वाटते. डिप्रेशनमधल्या मुलासाठी तो रोजचा नापासाचा शेरा आहे. सेटिंगमध्ये बंद करता येत नसेल तर ते ॲप नको.

गळती तर होणारच, तिची तयारी आधी करावी. मानसिक आरोग्याच्या ९३ ॲपच्या प्रत्यक्ष वापराचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲप घेतलेल्यांपैकी तिसाव्या दिवशी ते उघडणारे सुमारे ३.३ टक्के होते. हे सर्वसाधारण वापरणारे. डिप्रेशनमध्ये उत्साह नसणं हेच तर लक्षण, त्यामुळे 'तू मनावर घेत नाहीस' हे वाक्य सगळ्यात निरुपयोगी. जिथे आठवड्याला दहा-पंधरा मिनिटं का होईना एखादा माणूस फोनवर बोलतो, तिथे मुलं जास्त टिकतात. घरी सराव एखाद्या रोजच्या गोष्टीला बांधा: शाळेतून आल्यावर बूट काढले की तीन मिनिटं. रात्री अंथरुणात नको, कारण ऑडिओ संपतो आणि हातात मोबाइल तसाच राहतो. दहावी-बारावीच्या वर्षात बोर्डाच्या तोंडावर आठ आठवड्यांचा कोर्स सुरू करू नये, प्रिलिम आली की सुटतो आणि सुटल्याचं ओझं उरतं.

गोपनीयतेचं पान कंटाळवाणं असतं, तरी त्यात 'जाहिरात' आणि 'भागीदार' हे दोन शब्द शोधाच. अमेरिकेत बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर तिथल्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये कारवाई केली. वापरणाऱ्यांची आरोग्यविषयक माहिती फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्यांना जाहिरातींसाठी दिल्याचा आरोप होता, आणि ७८ लाख डॉलर द्यावे लागले. भारताच्या २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात १८ खालच्या प्रत्येकाला मूल धरलंय: पालकांची पडताळलेली संमती हवी आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई. तरी नाव, शाळा, खरा फोटो न देता खातं उघडता येत असेल तर तसंच उघडा. मुलाने ॲपमध्ये लिहिलेली रोजनिशी पालकांना दिसते की नाही, हे मुलासमोर, आधी ठरवा.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की कुणीतरी इगतपुरीच्या विपश्यना केंद्राचं नाव काढतंच. शाळांमधल्या 'मित्र' उपक्रमातलं दहा मिनिटांचं आनापान (श्वासाकडे लक्ष देण्याचा सराव) अनेक मुलांनी केलेलं असतं, आणि ज्याला ते आवडलं त्याची ओळखीची वाट म्हणून जरूर वापरावी. दहा दिवसांचं मौनशिबिर मात्र वेगळी गोष्ट आहे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना ते योग्य नाही, असं विपश्यना केंद्रं स्वतःच सांगतात. आजार चालू असताना मुलाला तिकडे 'सुधारायला' पाठवू नये. गोळ्या चालू असतील तर ध्यान सुरू केलं म्हणून त्या बंद करू नयेत, कमीही करू नयेत. तो निर्णय डॉक्टरांचा.

कोर्स सुरू झाला की दर दोन आठवड्यांनी तेच नऊ प्रश्न. पाच गुणांनी खाली आले तर तो फरक खरा समजतात. चार आठवड्यांत हलले नाहीत तर कोर्स पुरा करण्याच्या हट्टाने थांबू नका, उपचार वाढवायची वेळ झालीय. पाच गुणांनी चढले, झोप आणखी मोडली, किंवा मूल 'मी माझ्याकडेच लांबून बघतोय, काहीच खरं वाटत नाही' असं म्हणू लागलं, तर सराव त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना कळवा.

मराठीतून शिकणाऱ्या मुलासाठी बहुतेक तयार ऑडिओ कुचकामाचे असतात, इंग्रजी समजलं तरी मनाला भिडत नाही. तुमचा समुपदेशक तयार असेल तर त्याच्याकडूनच सहा मिनिटांचा ऑडिओ त्याच्या आवाजात करून घ्या. रचना एमबीसीटीतल्या तीन मिनिटांच्या सरावासारखी, फक्त सैल: पहिली दोन मिनिटं आत्ता मनात आणि अंगात काय चाललंय याची नोंद, पुढची दोन एकाच गोष्टीवर लक्ष, शेवटची दोन खोलीतले आवाज आणि बसल्या जागेकडे परत. दर पंचवीस-तीस सेकंदांनी एखादं वाक्य. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवता येते, ऐकायला नेट लागत नाही, आणि दुसऱ्या सत्रात मुलाने 'इथे मला झोप येते' म्हटलं की पुढच्या आठवड्याला तो तुकडा बदलून देता येतो.